सारखे वाटलेले सहा महिने

कामाचे पैसे महिन्यांवर वाटायचे तीन प्रकार आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सुरुवातीला जास्त, शेवटी जास्त आणि सारखे. एका बारक्या बाणावर क्लिक केलं की तिन्ही खाली उलगडतात. त्यातला तिसरा मी एकदा निवडला, आणि निवडताना मला सगळं माहीत होतं. ‘तेव्हा लक्षात आलं नाही’ असं मी इतरांना सांगत आलो. ते खोटं आहे. लक्षात आलं होतं.

मी बीडला एका ठेकेदाराच्या ऑफिसात प्लॅनिंगचं काम करतो. पाया किती दिवसांचा, स्लॅब किती दिवसांचा, कशाला किती खर्च, बिलाचे पैसे कधी येणार, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. मग तो दर महिन्याचा हिशेब उभा करतो. येणाऱ्यापेक्षा जाणारे पैसे जास्त झाले की त्या महिन्याचा आकडा लाल होतो. डिप्लोमा करून एवढंच शिकलो म्हणा ना, लाल कुठे होतं ते बघायचं.

त्या वर्षी आम्हाला तेलगावच्या अलीकडे एका नाल्यावरच्या पुलाचं काम मिळालं. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने. पहिल्यांदा मी आराखडा अगदी इमानदारीनं भरला. सळई, सिमेंट, मजुरी, सगळा खर्च सुरुवातीच्या महिन्यांत. आणि जमा? सरकारी काम ज्यानं एकदा केलंय त्याला विचारा. फाईल आपल्या चालीनं चालते आणि पैसा पडतो मार्चमध्ये. म्हणून मी सगळी जमा मार्चमध्ये टाकली. नोव्हेंबर थोडा लाल झाला, डिसेंबर जास्त, आणि जानेवारी-फेब्रुवारीकडे तर बघवत नव्हतं.

मालक बशीत चहा ओतून माझ्या मागे उभे होते.

“एवढं लाल कावून दिसायलंय बे?”

“मालक, बिल मार्चला निघणार.”

“ते मला बी माहीत हाय. बँकेच्या सायबाला कशाला सांगायलास? परवा त्यो हाच कागद बघणार हाय.”

मी बाणावर क्लिक केलं. जमा सहा महिन्यांवर सारखी वाटून टाकली. लाल गेलं. खालची एकूण बेरीज रुपयानंही हलली नाही, आणि मी स्वतःची समजूत घातली की बेरीज तीच आहे ना, मग यात खोटं काय? मालक म्हणाले, “ह्याला म्हणत्यात कागद.” मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. बँकेच्या साहेबांनी कागदाची तारीफ केली, चहा घेतला आणि मागितलं त्याच्या निम्मं कर्ज दिलं.

पितृपक्षात मी साइटवर आखणी करायला गेलो. पुलाच्या शेजारच्या गावात माझी एक आक्का राहते. सख्खी नाही. ती तलवाड्याची, मीही तलवाड्याचा, म्हणजे मी तिच्या माहेरचा माणूस. माहेरचं कुत्रं गोड म्हणतात, मी तर डिप्लोमावाला भाऊ. गेलो की बंद डब्यातले शेंगदाण्याचे लाडू निघायचे आणि कान न तुटलेला कप शोधला जायचा. तिचा नवरा सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायचा, ती माल वाहायची. पण ते दिवाळीपर्यंत. त्यानंतर दोघं दरवर्षी ऊसतोडीला जायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम दसऱ्याच्या आधी येतो, कोयत्याला उचल देतो, आणि एकदा ती आगाऊ रक्कम हातात घेतली की हंगाम संपेपर्यंत सुटका नाही. मला हे कुणी सांगायला नको. मी अकरावीला जाईपर्यंत माझे आईबापही एक कोयताच होते.

त्या दिवशी तिची मुलगी उंबऱ्यात भूमितीची आकृती काढत बसली होती. कंपासचं टोक मोडलं होतं, तिथं तिनं दोऱ्यानं सुई बांधली होती. दहावीचं वर्ष. इतकी वर्षं आईबाप तोडीला गेले की ती आजीपाशी राहायची. ती आजी उन्हाळ्यात वारली.

आक्का म्हणाली, “भाऊ, मुकादम उद्या यायलाय. उचल घ्यावी का नको? तुमच्या पुलावर दिवाळीच्या पुढं काम राहील का? खरं सांग. औंदा पोरीला कुणापाशी ठिवू मी?”

तेव्हा मी ‘सांगता येत नाही’ म्हणू शकलो असतो. तीन शब्द. त्याऐवजी मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिच्या चुलीपुढे उघडला. पडद्यावर जमेच्या आलेखाचे सहा खांब, महिन्याला एक, सगळे एका उंचीचे. आक्काला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण उंची कळायला शाळा लागत नाही. तिनं पदराला बोट पुसलं आणि एकेका खांबावर ठेवत महिने मोजले.

“मार्चापस्तोर सारखंच हाय की रे.”

“सारखंच,” मी म्हणालो.

का म्हणालो? बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर सेंट्रिंगला माणूस मिळत नाही. गावंच्या गावं रिकामी होतात. हे दोघं राहिले तर माझा आराखडा वेळेत चालणार होता. शिवाय मालक कुठूनतरी पैसे उभे करतील अशी आशाही होती, आणि आशेवर दुसऱ्याचं वर्ष लावायला आपलं काय जातं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला परत पाठवलं. त्यानं शेजारचं दार वाजवलं.

दिवाळी झाली. डिसेंबरपर्यंत मजुरी वेळेवर मिळाली, आणि मला वाटू लागलं की आपला कागद खरा होतोय. मग सळईवाल्यानं माल थांबवला. मजुरी आधी अर्धी झाली, मग ‘पुढच्या आठवड्यात’ झाली, आणि संक्रांतीनंतर काम बंद पडलं. माझ्या पहिल्या आराखड्यात ज्या महिन्यांकडे बघवत नव्हतं, नेमके तेच.

आक्काचा नवरा दोनदा बीडच्या ऑफिसात आला. मालकांनी सांगितलं की बिल टाकलंय, निघेल. मी मागच्या खोलीत झेरॉक्सपाशी उभा होतो. तो जाईपर्यंत मी एकच कागद चार वेळा काढला.

मुकादमाची टोळी तर कधीच भरली होती. कर्नाटकात दुसऱ्या एका टोळीतला गडी आजारी पडून एक कोयता कमी झाला होता, तिथं यांची वर्णी लागली. आक्कानं मला चौसाळ्याहून फोन केला. मागं हायवेवरच्या गाड्यांचा आवाज.

“भाऊ, गाडी चहाला थांबलीय. पोरीचं दप्तर घेतलंय संगं. तिथं बसून वाचंल म्हणती.”

बीडला माझ्या दोन खोल्या आहेत. बायको स्वतःहून म्हणाली होती, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, पोरीला आपल्याकडे आणू. मी म्हटलं होतं, बघू. पोरगी रोज समोर जेवायला बसली असती, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. फोनवर मी म्हणालो, “चांगलं केलं आक्का, दप्तर घेतलं ते.”

मार्चमध्ये बिल निघालं. सगळंच्या सगळं, एकदम. मी खरी जमा भरली तसे पाच खांब खाली बसले आणि शेवटचा एकटा उंच झाला, मी पहिल्या दिवशी काढला होता तसाच. एकूण बेरीज रुपयाला रुपया जुळली. मालकांनी माझी पाठ थोपटली. दहावीचे पेपर तेव्हा संपत आले होते.

एप्रिलमध्ये ती माणसं परत आली हे कळल्यावर त्यांची राहिलेली मजुरी घेऊन मी स्वतः गेलो. आक्का उन्हानं काळवंडली होती. हाताला पाचटाचे ओरखडे होते. तरी तिनं तो चांगला कप शोधलाच. तिच्या नवऱ्यानं पैसे दोनदा मोजले.

“सगळं आलं की,” तो म्हणाला. “लोक तर बुडवत्यात.”

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. मुलगी भिंतीला टेकून ज्वारी निवडत होती. तोडीवर स्वयंपाक आणि मोळ्या बांधायचं काम तिच्याकडे होतं. दप्तर एकदाही उघडलं नाही, हे आक्कानं सांगितलं, तिनं नाही.

मग आक्का म्हणाली, “भाऊ, तुझ्या त्या मशिनीत बघ की जरा. औंदा दसऱ्याच्या पुढं काम हाय का? पोरगी परत धावीला बसती म्हणती.”

तिच्या बोलण्यात मी टोमणा शोधला. नव्हता. तिनं खरंच विचारलं होतं. लॅपटॉप पिशवीत होता आणि त्यात नव्या कामाचा आराखडा तयार होता, तोही लाल पुसलेला. मी पिशवी उघडली नाही.

“आक्का, ते सहा खांब मी सारखे केले होते,” मी म्हणालो. “खरे पैसे मार्चमध्येच होते. तुला दाखवलं तेव्हा मला माहीत होतं.”

आक्काच्या हातात चहाचं भांडं होतं, ते तसंच राहिलं. तिचा नवरा बाहेर बघू लागला. मुलीनं सुपातून मान वर केली.

“मामा, मग तवा कावून न्हाई सांगितलं?”

ती चिडली नव्हती. तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. मी वाटेत येताना बरंच काही जुळवून ठेवलं होतं, मालकांचं, बँकेचं, बिलाचं. त्यातलं एकही वाक्य तिच्यापुढे काढण्यासारखं नव्हतं.

“गप ए,” आक्का तिच्यावरच ओरडली. “मामाला असं इचारत असत्यात का?”

पोरगी खाली मान घालून पुन्हा ज्वारी निवडू लागली. आक्कानं माझ्या कपात आणखी चहा ओतला, आणि मी तो प्यालो.