धोंडीराम सरांचा वारसा

धोंडीराम सरांचं कौतुक केलं की ते लगेच दुसऱ्याच्या नावावर करून टाकत. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी नव्यानं जीवशास्त्र शिकवू लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी फळ्यावरचं त्यांचं गणित बघून मी म्हणाले, "सर, अक्षर किती सुंदर!"

"आमच्या आज्याचं हाय मॅडम. मी नुसतं वापरून राहिलो."

दीडशे मुलांच्या वर्गात माइक बंद पडला, तरी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. तो पणजोबांचा होता. ज्वारीवरची पाखरं हाकलून हाकलून कमावलेला. टकलाचं श्रेय आईच्या वडिलांना. "हे बी फुकटात मिळालं. तक्रार कशाला?"

मला आधी हा सगळा विनोदच वाटे. एकदा चहा पिताना त्यांनीच भूकंपाचं सांगितलं. गावातलं घर बसलं, त्यात धाकटे चुलते पांडूकाका गेले. म्हातारी आत्या वाचली, पण पत्र्याच्या शेडमध्ये ती एकच धरून बसली होती, बापाचा एक फोटोसुद्धा राहिला नाही. सर तिच्यासाठी मदतीचा अर्ज लिहीत होते. तिनं कागद ओढून घेतला आणि त्यावर बोट फिरवत राहिली.

"आरं, बाबाचा 'ळ' असाच पोट फुगलेला असायचा."

त्या दिवशी ती चार दिवसांनी जेवली. "तवापासून मी सोताला जपून वापरतो," सर म्हणाले.

सरांना मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर ते नांदेडला, विष्णुपुरीजवळ पुतण्याकडे राहायला गेले. काही वर्षांनी मी भेटायला गेले, तेव्हा माझीही साठी आली होती. गुडघे, चष्मा, विसरभोळेपणा, माझं रडगाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, आमच्या पांडूकाकाला केस पिकलेले बघायला मिळाले न्हाईत. मला मिळाले. ज्यांना मिळालं न्हाई त्यांच्या वाटचं बी आपणच जगायचं, आन् जरा खुशीत जगायचं." मग एकदम विचारलं, "तुमच्या आईच्या आजीचं नाव काय?"

मला सांगता येईना. सरांनी आतून चिवडा मागवला आणि क्लासच्या जुन्या गमती काढल्या. ती आमची शेवटची भेट. त्या पावसाळ्यात ते गेले.

त्या भेटीहून परतताना मी एसटी स्टँडवरूनच किनवटला आईला फोन लावला. तिच्या आजीचं नाव विचारलं.

"चंद्रभागा. आजवर कुणी इचारलंच न्हाई बघ."

"कशी होती गं?"

"लई हसायची. कीर्तनात बी हसायची. माणसं उठवून बाहेर पाठवायची तिला," असं म्हणता म्हणता ऐंशी वर्षांची माझी आई हसायला लागली. माझी गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी तिचं हसू थांबेना. मी ती गाडी जाऊ दिली.