पृथ्वीचे वय आणि कुसुमचे स्थळ

पृथ्वीचे वय छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. भिंगारला लष्कराच्या कोठारात ते कारकून होते. पण जीव सगळा ब्रह्मांडात. पुराणांच्या गणनेप्रमाणे ब्रह्मदेवाचा एक दिवस चारशे बत्तीस कोटी वर्षांचा, त्यातली एकशे सत्त्याण्णव कोटी सरली. विलायतेतले शास्त्रज्ञ खडक तपासून पृथ्वीला सुमारे दोनशे कोटी वर्षे देतात, हे मासिकात वाचल्यापासून मामा हवेतच होते. मी आकडेमोडीचा माणूस. त्यांचा गुणाकार तपासून पाहिला, बिनचूक होता. उरलेल्या तीन कोटींचे काय, असे विचारले तर म्हणाले, "साहेब लोक ठोकळ आकडा सांगतात हो!" दूधवालीला मात्र ते नवटाकाचीही सूट देत नसत.

कुणाकडे सत्यनारायण असला की मामा भटजींना खेटून बसत. संकल्पात कल्पाचे आणि मन्वंतराचे नाव आले की हात वर करून त्यांना थांबवत. "यजमान, तुम्ही आत्ता काळाच्या कुठल्या खोलीत बसलाय, कळलं का?" मग शिरा गार होईपर्यंत समजावणी चाले. एकदा नगरच्या वाटेवर ताऱ्यांचा उजेड इथवर यायला किती वर्षे लागतात, हे ते टांगेवाल्याला सांगत होते. तो म्हणाला, "मामा, उजेड यील तवा यील. तुमी आदी जरा मागं सरका, घोड्यावर लई भार येतोय."

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण कुसुमला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीला, बघायला येणाऱ्यांनाही ते पृथ्वीचे वय विचारू लागले. एक मुलगा हसला, दुसरा "तुम्ही म्हणाल ते" म्हणाला. दोन्ही स्थळे मामांनी परतवली. कुसुमला विसावे सरत आले होते आणि मामींच्या तोंडचे पाणी पळाले होते. तिसरा आला तो नगरच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. पोरीला तो आवडल्याचे, पेले ठेवून झाल्यावरही ती दाराशी रेंगाळली त्यावरून मलाही कळले.

मामांनी प्रश्न टाकलाच. स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "अहो, पोहे तरी खाऊ द्या त्यांना!"

मास्तरने बशी खाली ठेवली. "पूर्वी दोनशे कोटी म्हणत. आता त्याहून बरंच जास्त असावं म्हणतात. नक्की आकडा मला ठाऊक नाही."

"शास्त्रात दिलाय. जुळतोय!"

"जुळत होता," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी जुळतो कसं म्हणू?"

कुसुमने पदराचे टोक मुठीत धरले. मामांनी छताकडे पाहिले. मग म्हणाले, "वेदांमधला एक ऋषीसुद्धा शेवटी हेच म्हणतो. हे सगळं कुठून झालं, ते वर बसलेल्याला ठाऊक असेल, किंवा नसेलही." आणि आत वळून ओरडले, "अगं, साखर आण! रेशनची असली तरी आण!"

पाहुणे गेल्यावर आम्ही फाटकाशी उभे होतो. मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "नगर काय, हाकेच्या अंतरावर."

फाटकाची कडी लावताना पुन्हा म्हणाले, "तरी लांबच."