तीन सुरांची चाल

माझ्या लिखाणाला कुणी "एवढंच?" म्हटलं की मला तो माणूस आठवतो. कट्टा गावच्या देवळातल्या भजनी सप्ताहात मी त्याला एकदाच पाहिलं. तेव्हा जी ती मंडळी सिनेमातल्या चाली भजनाला लावत होती. हा मात्र स्वतः बांधलेली चाल गात होता, तीही तीनच सुरांची. मोह नको म्हणून त्याने पेटीतले बाकीचे सूर चक्क काढून टाकले होते. नांगर धरणारी जाड बोटं, मिटलेले डोळे, वर उचललेली हनुवटी. तेच तीन सूर फिरत, पण दर फेरीला किंचित सरकत.

गावचे मानकरी वैतागले. "अरे, चौथो सूर लाव मरे!"

चाल साथीदारांवर सोपवून तो म्हणाला, "भात कांडताना मुसळ नाचवलास तर तांदूळ गावतले काय?"

मानकऱ्यांनी त्याला उठवून पुढची मंडळी बसवली. पण सप्ताहात नाम तुटू द्यायचं नसतं. नव्यांनी आधी चालू चाल उचलायची, मग आपली धरायची. त्यांनी ती उचलली, आणि आपली घालायला त्यांना फटच सापडेना. बायका गाऊ लागल्या, दारातला चहावाला गाऊ लागला. मानकरी हातवारे करून थांबवू पाहत होते, तर त्यांचे हातवारेही तालात पडत होते.

पेटी काखोटीला मारून तो पायऱ्या उतरला आणि वळून, आत फिरत राहिलेल्या चालीकडे हात करत मानकऱ्यांना म्हणाला, "माका उठवलास. आता तिका उठवा."