तिला मी दारातून परत नेलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे हिरव्या तुरीच्या शेंगा सोलणं. अंगणात, उन्हात, एका सुपात. तिची बोटं भरभर चालायची, माझी नाही. ती म्हणाली, "तुमी सोलता कमी अन् खाता जादा." मी दाणे तोंडात टाकत राहिलो. मग ती दाणे भरायला घरातून गंज, पातेलं, आणायला उठली, ओट्याच्या पायरीवर पाय घसरला आणि पडली. ओरडली नाही. "काई तरी मोडलं वाटते," एवढंच बोलली.

माझी बायको पंचफुला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. अमरावतीला नेलं. ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. अकोल्याला दिलेली आमची लेक दवाखान्यात आठ दिवस राहिली. तिचीही लेकरंबाळं आहेत, किती राहील. निघताना मला म्हणाली, "बाबा, डॉक्टर राउंडले आले का फिजिओथेरपीचं विचारजा. आईले बसवा लागते, चालवा लागते. विसरू नका."

मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मागे दोन शिकाऊ पोरं, एक नर्स. मी हात जोडून उभा राहिलो.

"साहेब, हिले त्या कसरतवाल्या बाईकडे न्यायचं काय? लेक म्हणते."

डॉक्टरांनी कागदातून मान वर केली नाही. "काय काम करतोस?"

"चौकीदार होतो साहेब. चांदूर बाजारले. धान्याच्या यार्डात, फाटकावर."

"मग फाटक सांभाळ. पाय मी सांभाळतो."

मागची पोरं हसली. नर्स हसली. बाजूच्या खाटेवरच्या बाईचा नवरा हसला. आणि मीही हसलो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माझं वय बहात्तर. तो माझ्या लेकीच्या वयाचा. मला अरेतुरे करतो, बायकोसमोर माझी टर उडवतो, आणि मी दात काढतो. पंचफुला हसली नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

जाता जाता डॉक्टर म्हणाले, "माझ्या चिठ्ठीशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही. काही बिघडलं तर माझ्या दारात यायचं नाही. दीड महिन्याने दाखव."

चिठ्ठी म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नव्हती. मी चौथी शिकलेला माणूस, पण तीस वर्षं फाटकावर कागदच पाहत आलो. पावती असेल तर गाडी आत, नसेल तर बाहेर. मग पाऊस असो, ऊन असो, कोणी पाया पडो. एकदा पंचफुलाचा सख्खा भाऊ बैलगाडी घेऊन आला, पावती घरी विसरून. त्याला मी सात कोस परत पाठवला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पुढे मात्र ती हा किस्सा येईल त्याला सांगायची. "असा बह्याड माणूस भेटला मले," म्हणायची, आणि मला त्या खुळा म्हणण्यातही मान वाटायचा.

घरी आणल्यावर मी तिचं सगळं केलं. अंग पुसलं, वेणी घातली, भांडं दिलं, घास भरवला. शेजारच्या बाया म्हणायच्या, असा नवरा पाहिला नाही. मी ते ऐकून घ्यायचो. पण तिला मी हलू दिलं नाही. ती म्हणायची, "जरासे पाय खाली सोडू द्या. पाठ जळून राह्यली माही." मी म्हणायचो, "चिठ्ठी येऊ दे." ती कोपरावर उठायला लागली की मी खांदा धरून परत निजवायचो. माझ्या हातात तेव्हा चांगला जोर होता. त्या जोराचं आता काय करू.

वीस दिवस असे गेले. शेजारी नूरभाई राहतो, रिक्षा चालवतो. आमची जुनी सोबत आहे. एक दिवस बाजेपाशी बसला आणि म्हणाला, "भाबी, तुमाले या माणसानं कैद करून ठेवलं काय?"

ती म्हणाली, "काय सांगू नूरभाई. जेलात तरी चालू देतात."

तो माझ्याकडे वळला. "माही अम्मी अशीच पडली व्हती. स्टँडमागं एका पोरीचा दवाखाना हाय, फिजिओचा. सीधा नेलं. महिन्यात नमाजले उठून बसली. चाल, मी नेतो."

"चिठ्ठी नाई," मी म्हणालो.

"अरे बाप्पा, आदी चाल तं."

पंचफुला म्हणाली, "चला." तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून लुगडं मागितलं, हिरवं. रिक्षात गादी टाकली. नूरभाईने आणि मी तिला उचलून ठेवलं. रस्ताभर ती बाहेर पाहत होती. कोणाच्या दारी पापड वाळत होते, तेसुद्धा तिने मला दाखवले.

दवाखाना म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. ती पोरगी हात पुसत बाहेर आली, रिक्षाशी वाकली. "आजी, दुखतं का फार? बाबा, ऑपरेशनचे कागद आणलेत ना? दाखवा. मी बघते, लागलं तर तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेते. आत घ्या त्यांना."

"डॉक्टरची चिठ्ठी नाई," मी म्हणालो.

"नसली तरी चालते, बाबा."

मी म्हणालो, "चालत नाई."

ती पोरगी गोंधळली. तिला वाटलं मला कळलं नाही, तिने पुन्हा सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. पण मला वाटलं, जी बाई चिठ्ठीशिवाय आत घेते ती कसली खरी. मोठ्या माणसाने लिहून दिलं तरच खरं. आणि मला दिसत होतं की काही बिघडलं तर मी पुन्हा त्या वॉर्डात हात जोडून उभा आहे आणि तो मला म्हणतो, सांगितलं होतं ना. मला तिच्या पायाची नाही, त्या हसण्याची भीती होती.

मी नूरभाईला म्हणालो, "फिरव."

तो बसून राहिला. पंचफुला म्हणाली, "माह्या भावाले फिरवलं तसं मलेबी फिरवता काय?"

मी म्हणालो, "फिरव म्हणतो ना."

त्यानंतर तिने पाय खाली सोडू द्या असं कधी म्हटलं नाही. मी ते बरं समजलो. वाटलं, ऐकायला लागली.

दीड महिना झाला. गाडी करून अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. "हाड छान आहे. चालते ना?"

"नाई साहेब. तुमीच म्हणाले..."

त्यांनी तिच्या पायावरचं लुगडं सरकवलं, पाठ पाहिली. कमरेखाली जखम झाली होती. "दीड महिना हिला आडवी ठेवलीस? कोणी सांगितलं होतं? अडाणी लोकांचं हेच असतं. ऑपरेशन आम्ही करायचं आणि तुम्ही वाटोळं करायचं." मग कागदावर एक ओळ लिहून माझ्या हातात दिली. चिठ्ठी. लिहायला त्यांना एक क्षण लागला.

ती आम्हाला वापरता आली नाही. परत आलो तोच ताप भरला. छातीत कफ साचला होता, झोपून झोपून. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

बायांनी तिला आंघोळ घातली. मला कुंकू लावायला बोलावलं. तेव्हा मी तिचा पाय पाहिला. उजवा तिचाच होता. डावा काडीसारखा झालेला, कोणा लहान पोरीचा वाटावा असा. मीच रोज पुसत होतो तो पाय. पुसताना दिसला नाही मला. मी कागदाची वाट पाहत होतो.

स्मशानातून आलो तर दारात ती फिजिओवाली पोरगी उभी. नूरभाईने सांगितलं असावं. मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, खरं सांग. त्या दिवशी आत आणलं असतं तं?"

ती म्हणाली, "जगल्या असत्या का, ते मला नाही सांगता येणार, बाबा. पण त्याच दिवशी उठवून बसवलं असतं. एवढं सांगता येतं."

तिने मला माफी दिली नाही, हे बरं केलं. त्या डॉक्टरने मला हसून लहान केलं, ते त्याचं पाप. पण दार उघडं असताना रिक्षा फिरवली ती मी. त्याने माझ्यावर एकदाच हुकूम चालवला, मी तिच्यावर दीड महिना चालवला. लेकीला हे माहीत नाही. तिला तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिलं.

स्मशानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी घातली. आईच्या मातीला आलेली लेक म्हणाली, "बाबा, सुतकात कुठं निघाले? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे," मी म्हणालो. पहिल्या गाडीने अमरावतीला गेलो.

नंबर न लावता मी डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. म्हणालो, "साहेब, माही बायको मेली. तुमी मले अडाणी म्हणाले. हाय मी अडाणी. म्हणून तं तुमचं ऐकलं. ती अर्धी माह्या हातानं मेली, अर्धी तुमच्या. माहं मी कबूल करून राह्यलो. तुमचं तुमी पाहा."

त्यांनी घंटी वाजवली. "कोणाचा पेशंट हा? बाहेर काढा."

बाहेर बाकांवर माणसं बसली होती. पायाला प्लास्टर, हाताला झोळी. एका म्हाताऱ्याची बायको चाकाच्या खुर्चीत होती. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "भाऊ, ऑपरेशन झाल्यावर हिले पाठीवर ठेवू नका. चिठ्ठीची वाट पाहत बसू नका. कागद घ्या अन् फिजिओवाल्याकडं सीधे जा, त्याले विचारा. विचारायले चिठ्ठी लागत नाई. मी नाई विचारलं. माही गेली."

चौकीदाराने माझा दंड धरला. माझ्याच वयाचा, खाकी शर्ट. "बाबा, तुमाले कोणं पाठवलं?"

"कोणंच नाई," मी म्हणालो. "मीच आलो."

त्याचा हात सोडवला आणि पुढच्या बाकाकडे गेलो.