वरताळा

माझ्या मामाला छताचा पंखा उतरवायला स्टूल लागत नाही. हात वर केला की झालं. बसस्टँडसमोर त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंखा किंवा पंप उघडायचा, करपलेली तार खरवडून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत भरायची, हे त्याचं काम. सगळं गाव त्याला शिडी म्हणतं, आणि तोही शिडी म्हटल्यावरच वळून बघतो.

तरुणपणी तो बंदरावरच्या क्लबातून बास्केटबॉल खेळायचा. फार मोठा खेळाडू नव्हता. दुसऱ्या कुणाला दम लागला की याला पाठवायचे. त्या वेळी डोंगरावरच्या खाणवाल्यांच्या क्लबात घार म्हणून एक खेळाडू होता. तो लांबून टाकायचा आणि चेंडू आपसूक जाळीत जायचा. बंदरवाल्यांना घार हवा होता. त्यांनी त्याच्या बदल्यात आपला दरवाजा द्यायचं कबूल केलं. दरवाजा म्हणजे बास्केटखाली पाय रोवून उभा राहणारा आडदांड गडी, ज्याच्या अंगावरून कुणी जाऊ शकत नसे. खाणवाले म्हणाले, घारीपुढे एकटा दरवाजा कमी पडतो, वर काहीतरी द्या. दोन्ही पारडी बरोबर यावीत म्हणून सौद्यात वर जे काही देतात त्याला वरताळा म्हणतात. मामा त्या सौद्यातला वरताळा.

दरवाजा आधीच गाडीने गेला. मामाला नंतर एकट्याला बसमध्ये बसवून दिलं. अर्ध्या वाटेवर या गावात बस बदलायची होती. मामा उतरला आणि स्टँडवरच्या बाकावर बसला. पुढची बस लागली, कंडक्टरने हाक मारली, पण तो उठला नाही. "चिडलो होतो का, तर तेही नाही," तो सांगतो. "नुसतं उठवलं नाही मला." बस गेली. समोरच्या दुकानातला म्हातारा खांद्याला पंखा लावून स्टुलावर डगमगत होता. मामाने जाऊन पंखा हुकात अडकवला. म्हाताऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, उद्याही ये. मामा राहिला तो राहिलाच. पुढे म्हाताऱ्याच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. ती माझी मामी. वाइंडिंगमधलं तिला मामापेक्षा थोडं जास्तच कळतं, पण ती ते चारचौघांत बोलून दाखवत नाही.

खाणवाल्यांकडून कधी कुणी चौकशीला आलं नाही. मामाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. वरताळ्याला कोण शोधतं?

मी या गावात बेकरीची व्हॅन चालवते आणि मामाकडेच वरच्या खोलीत राहते. म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मामाकडे तांब्याची तार घेऊन येणारा एक विक्रेता आहे, खाणीकडच्याच गावचा. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "आमच्याकडच्या सलूनमध्ये रविवारी जाऊन बघा. म्हातारे अजून त्या जुन्या सौद्यावरून भांडतात. घार देऊन दरवाजा घेतला ते बरं केलं की वाटोळं केलं. अर्धं आयुष्य गेलं त्यांचं त्यात."

मामा हसला. "काय ठरलं मग?"

"ठरतंय कुठलं? पण सलूनवाला म्हणतो, घार न् दरवाजा राहू द्या बाजूला. तो तिसरा पोरगा आला ना, त्या एकट्यानेच सौदा वसूल केला. तीन सीझन खेळला म्हणे."

मामाच्या हातातली तार सैल झाली आणि वेढे सुटत गेले. "कोण तिसरा?"

"नाव नाही ठाऊक. डावखुरा होता. सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. उंच, तुमच्यासारखा."

मामा उजव्या हाताचा. दोन-तीन दिवस जेवताना त्याचं लक्ष नसायचं. मग एका रविवारी सकाळी तो माझ्या व्हॅनमध्ये येऊन बसला. "पोरी, डोंगरावर जाऊन येऊ."

मामी दारात उभी होती. "जा," ती म्हणाली. "आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात ते माणसाने एकदा ऐकावं."

सलून खाणीच्या रस्त्यावर होतं. भिंतींवर काळसर धूळ, आत दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, खिडकीशी एक बाकडं. बाहेरूनच आवाज ऐकू आले.

"घार गेला आणि पुढचे दोन कप बंदरवाल्यांनी नेले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात तुम्ही." हे शाळेतले पीटीचे निवृत्त मास्तर होते.

"आणि तिसऱ्या वर्षी गुडघा फुटला त्याचा, ते नाही सांगत मास्तर," दुसरा म्हणाला. हा खाणीवर कामगारांना दिवे वाटायचा. "दरवाजा म्हातारा होईपर्यंत उभा होता. त्याच्या हातातून एक रिबाउंड काढून दाखवला कुणी?"

मामा वाकून आत शिरला. बोलणं थांबलं. सलूनवाला कुणाच्या तरी मानेवर वस्तरा फिरवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आरशातच बघितलं.

"आलास? बस," तो म्हणाला.

मास्तर बाकड्यावरून उठले आणि खिडकीकडची जागा मोकळी करून दिली. कुणी दचकलं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. पाहुणा येणार हे सकाळीच कळलं असावं, तसे ते बसून होते.

"तुम्ही मला दुसराच कुणी समजताय," मामा तिथे बसता बसता म्हणाला. "त्या सौद्यातला तिसरा मी. पण मी इथे कधी आलोच नाही. वाटेत उतरलो."

दिवेवाला हसला. "तीच खोड. सरळ उत्तर देईल तर शपथ."

सलूनवाल्याने वस्तरा पुसला, मामाच्या मागे गेला आणि त्याच्या केसांत बोटं घातली. मामा उठू गेला, पण त्याच्या खांद्यावरचा तो हात इतका सवयीचा होता की तो बसून राहिला.

"दोन भोवरे," सलूनवाला म्हणाला. "मॅचच्या आदल्या दिवशी केस कापायचे, हा तुझा नियम. हे डोकं मी विसरेन? आणि ही कानामागची खूण. तू मध्येच हललास आणि माझा वस्तरा लागला. किती दिवस मला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

मी पुढे होऊन पाहिलं. डाव्या कानामागे बारीक पांढरी रेघ होती. मामीने एकदा माझ्यासमोरच त्याला विचारलं होतं, हे कशाने झालं. मामा म्हणाला होता, आठवत नाही.

सलूनच्या मागे क्लबाचं जुनं कोर्ट होतं. सिमेंटला भेगा, एका रिंगला जाळी नाही. मास्तरांनी आतून चेंडू आणला आणि मामाच्या हातात दिला. "एक टाक. पोरीला बघू दे."

मामाने उजव्या हाताने टाकला. चेंडू रिंगच्या आसपासही गेला नाही.

"चेष्टा पुरे," मास्तर म्हणाले. "तुझ्या हाताने टाक."

मामा जाऊन चेंडू घेऊन आला. मग त्याने तो डाव्या तळव्यावर घेतला, गुडघे जरासे वाकवले आणि सोडला. तो रिंगला न शिवता आरपार गेला. तिघांनी नुसती मान हलवली, त्यांना नवीन काहीच नव्हतं. मी मामाच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर आनंद नव्हता. अंधारात जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाय पडावा, तसा तो चेहरा होता. नंतर कोपऱ्यातल्या नळाखाली त्याने डावा हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

परतताना उतार संपला. मग मामा म्हणाला, "पोरी, मी उतरलो होतो ना त्या बसमधून?"

"असं काय विचारतोस? मामी आहे, दुकान आहे."

"हो. म्हणजे उतरलो."

घरी आल्यावर मी आईला फोन केला. आई मामाची थोरली बहीण, अजून बंदराकडेच राहते. मी फक्त एवढंच विचारलं, मामा कधी डावखुरा होता का.

"लहानपणी होता की," आई म्हणाली. "आमच्या बाबांनी हाताला फडकं बांधून सोडवलं. तुला कुणी सांगितलं?" मग म्हणाली, "तेव्हा बंदरावर लोक भेटायचे, सांगायचे, तुझा भाऊ खाणीकडून छान खेळतो. आम्हाला वाटायचं, सुट्टीला जाऊन खेळत असेल. चांगलं आहे म्हणायचो आणि सोडून द्यायचो."

त्यानंतर मामा मधूनमधून रविवारी डोंगरावर जायला लागला. कधी माझ्या व्हॅनमधून, कधी बसने. त्या बसमध्ये चढताना तो नेहमी एक पाय पायरीवर ठेवून थबकायचा. सलूनमध्ये खिडकीशी बसायचा आणि वादात मास्तरांची बाजू घ्यायचा. सौदा फसलाच, म्हणायचा. दिवेवाला चिडून म्हणायचा, "तू स्वतःच्याच विरुद्ध काय बोलतोस?" तो हसायचा. मलाही वाटलं, बरं झालं, मामाला चार माणसं मिळाली.

पण दुकानात तक्रारी यायला लागल्या. शिडीने भरून दिलेले पंखे उलटे फिरत होते. वारा खाली येण्याऐवजी वर छताला जायचा, आणि खालचा माणूस घामाने निथळत पंख्याकडे बघत बसायचा. "शिडी, तुझ्या पंख्याचा वारा खायला आम्ही छतावर झोपायचं का?" गिऱ्हाइकं थट्टा करायची. मामा उघडून बघायचा. वेढे सुबक, एकही तार चुकलेली नाही, फक्त सगळं उलट्या दिशेने भरलेलं. आपण कधी असं भरलं ते त्याला आठवत नसे. मी दुकानात उभं राहून पाहिलं, तेव्हा तार त्याच्या डाव्या हातात होती. मी हाक मारली तेव्हा त्याने हाताकडे पाहिलं आणि तार खाली ठेवली.

पंखा बाहेर जायच्या आधी मामी झाकण काढायची, तारेची दोन टोकं एकमेकांच्या जागी जोडायची आणि झाकण बसवायची. पंखा सरळ फिरायचा. एकदा मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत?

"वाटते ना," ती म्हणाली. "म्हणून तर मी रोज सकाळी ह्यांना नावाने हाक मारते. आपली पहिली हाक कानात पडलेली बरी."

नावाने हाक मारणारी घरात ती एकटीच.

मग एका रविवारी मामा तापाने फणफणला. त्याला डोंगरावर जायचं होतं, पण मामीने उठू दिलं नाही. "निदान त्यांना कळव," तो मला म्हणाला, "वाट बघत बसतील." मी सलूनला फोन लावला.

"मामा आज येऊ शकत नाही," मी म्हटलं. "ताप आहे."

सलूनवाला जरा गोंधळला. "कुणाला ताप? तो तर आलाय. केव्हाचा बसलाय."

मागे वाद चालला होता. दरवाजा, घार, कप. मास्तरांचा आवाज मी ओळखला, दिवेवाल्याचा ओळखला. आणखी एक आवाज होता, थेट मामासारखा, जाडसर, दमाने बोलणारा. तो म्हणत होता, सौदा बरोबरच होता. मी पलंगाकडे पाहिलं. मामा उशीला टेकून बसला होता. त्याने हात पुढे केला, उजवा, आणि मी फोन त्याला दिला.

"जरा त्याला दे," मामा म्हणाला.

नंतर तो बराच वेळ ऐकत राहिला. दोनदा "हो" म्हणाला, एकदा "नाही रे" म्हणाला, आणि शेवटी "बरं". फोन खाली ठेवून त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

मामी पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "काय म्हणाला?"

"दुकान कसं चाललंय विचारत होता. तुझी तब्येत विचारली. तू कशी दिसतेस तेही विचारलं."

"मग?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"ते तुला नाही सांगणार," मामा म्हणाला. एवढ्या तापातही तो जरासा लाजला. मामी पलंगाच्या कडेला बसली आणि त्याला चमच्याने पेज भरवू लागली. तो मुकाट्याने खात राहिला.

ताप उतरला. मामा डोंगरावर पुन्हा गेला नाही. जायचं नाही असं त्याने बोलूनही दाखवलं नाही. रविवार आला की दुकान उघडायचा, एवढंच. पंखे हळूहळू सरळ फिरायला लागले. मामी तरी काही दिवस प्रत्येक झाकण उघडून बघत होती, मग तिनेही सोडून दिलं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बेकरीला खाणीच्या कँटीनची ऑर्डर मिळाली. आता मला त्या रस्त्याने जावंच लागतं. एका रविवारी सलूनसमोर ट्रक आडवा लागला होता, म्हणून व्हॅन थांबवावी लागली. दार उघडं होतं. मास्तर हात नाचवत काहीतरी सांगत होते, दिवेवाला मान हलवत होता, सलूनवाला वस्तऱ्याला धार लावत होता. खिडकीशी कुणीतरी रस्त्याकडे पाठ करून बसलं होतं. उंच. खांद्यावर टॉवेल, केस नुकतेच कापलेले. डाव्या हाताने तो मान चोळत होता. ट्रक निघाला आणि मीही गाडी काढली.

घरी आल्यावर मामाने विचारलं, "सलूनवरून आलीस ना? कोण कोण होतं?"

"तिघंच," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरे आहेत ना सगळे?"

"बरे आहेत."

"झालं तर," मामा म्हणाला आणि तार लावायला बसला.