उपवासाला चालणारी पुडी

संत्र्याच्या वासाची मला शिसारी येते. खऱ्या संत्र्याच्या नाही, औषधाच्या पुडीतल्या. ती पुडी कुणी फोडली की मी सरळ उठून अंगणात जाते. हसायचं त्यानं हसावं.

लातुरात माझी मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी दोन वेळा माझ्याकडं जेवतात. त्यांच्या आया वर्षाच्या सुरुवातीला सोडायला येतात तेव्हा कपड्यांच्या बॅगेआधी दुसरीच पिशवी माझ्या हातात देतात. पावडरीचे डबे, गोळ्यांच्या बाटल्या, डोळ्यांसाठी हे, मेंदूसाठी ते. "ताई, तेवढी रोज आठवण करा." मी मोड आलेल्या मटकीची उसळ करते, मेथीची भाजी करते, शेंगदाण्याची चटणी करते. ते सगळं ताटाच्या कडेला सारायचं आणि वर गोळी गिळायची. ती उष्टी मटकी बादलीत टाकताना माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकदा तर मी ओरडलेच, "अरे मेल्यांनो, गोळीत जे भरलंय ते ह्याच्यातून काढलंय!" ते काही शास्त्राला धरून नसेल, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

पण हे रोजचंच. सांगायचं आहे ते माझ्या मायचं.

माय हदगावच्या पलीकडं, आमच्या गावी, भावापाशी राहते. जन्मभर कापूस वेचला, खुरपं चालवलं, आणि सत्तरी आली तसे गुडघे गेले. भावानं आणि मी तिला नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, डी जीवनसत्त्व फारच कमी आहे, उन्हानं मिळतं ते. मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टरसाहेब, हिचं आयुष्य उन्हात गेलं, हिला आता उन्हाची पुडी द्यायची? ते चिडले नाहीत. म्हणाले, डोक्यावरून पदर, अंगभर लुगडं, सावळी कातडी, त्यात वय झालं की अंग ते नीट तयार करत नाही. आठवड्याला एक पुडी, दुधात, थोडे आठवडे. मग परत रक्त तपासायचं आणि बंद करायचं. तसंच केलं. गुडघे काही पोरीसारखे झाले नाहीत, पण माय भिंतीला न धरता उठायला लागली. औषध औषधासारखं घेतलं तर ते वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते.

ते बंद झाल्यावर आमचा दादा उगवला.

दादा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. शाळेत मास्तर होता, रिटायर झाला आणि एका साखळीच्या धंद्यात शिरला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशावर बिल्ला, हातात चामडी बॅग, तोंडात सतत कंपनी. त्याच्या बॅगेत सगळ्यावर इलाज. केस गळतात? आहे. झोप येत नाही? आहे. सून बोलत नाही म्हटलं असतं तर त्यावरही गोळी काढली असती बाबानं. मायसमोर त्यानं संत्र्याच्या वासाच्या, डी जीवनसत्त्वाच्याच पुड्यांचा खोका ठेवला. "काकू, डॉक्टरचं ते केमिकल. हे आपलं नैसर्गिक. ताकद तेवढीच, तोटा शून्य."

आमच्या घरात खायची कुठलीही नवी वस्तू आली की माय एकच प्रश्न विचारते. बिस्किट असो, सरबत असो, लग्नात आलेला परदेशी सुका मेवा असो. तिनं विचारलं, "उपवासाला चालतंय का रे?"

"चालतंय म्हंजे?" दादा म्हणाला. "उपवासालाच घ्यायचं, काकू. उपवासाच्या दिवशी सकाळी एक पुडी दुधात. आठवायची भानगड न्हाई, अन् पोटाला आधार बी हुतो."

मायचा उपवास सोमवारचा. म्हणजे आठवड्याला एक पुडी. दादाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं असणार, आणि मायलाही ते सोयीचं वाटलं. तारीख-वार तिच्या ध्यानात राहत नाहीत, पण उपवास तिनं जन्मात कधी चुकवला नाही. मधे एखादी एकादशी आली तर एखादी पुडी जास्त, एवढंच. असं काही महिने सुरळीत चाललं.

मग तो अधिक श्रावण आला. ज्या वर्षी श्रावणच अधिक येतो त्या वर्षी दोन श्रावण लागोपाठ, एक अधिक आणि एक निज. शहाणी माणसं म्हणतात, व्रत करायचं ते निज श्रावणात. मायचं म्हणणं वेगळं. देवानं महिना दिलाय, तो सोडून कसा द्यायचा? तिनं दोन्ही धरले. दिवसभर काही नाही, सकाळी दूध, दिवस मावळल्यावर एक वेळ जेवण. रोजचा उपवास. आणि उपवासाला पुडी घ्यायची, असं शिकलेल्या मास्तरनं सांगितलेलं. म्हणून रोज एक पुडी. वर दादानंच दिलेली कॅल्शियमची गोळी, वर त्याचीच व्हॅनिलाच्या वासाची पावडर. माय चुकली असं कुणी म्हणू नये. तिला जसं सांगितलं तसं तिनं अक्षरशः केलं.

मला खरा संताप येतो तो इथं. पुड्यांचे खोके धडाधड संपत होते, भावजय फोन करत होती आणि दादा आणून देत होता. आठवड्याला एक लागणारी पुडी एवढी कुठं जाते, हे त्यानं विचारायला नको? मास्तर होता ना? हिशोब शिकवला ना पोरांना जन्मभर? विचारलं नाही. उलट मायचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, माझी काकू, आमची सगळ्यात निष्ठावान ग्राहक.

तेवढ्यानं भागलं नाही. निज श्रावण लागल्यावर नांदेडला त्यांचा मेळावा होता. मायला स्टेजवर बोलवायचं म्हणून गाडी पाठवली. सोबतीला मी लातूरहून गेले. मंगल कार्यालयाचा हॉल, खच्चून गर्दी, स्पीकर छातीत धडका मारतोय, आणि दर दोन वाक्यांना टाळ्या. टाय लावलेला एक जण सांगत होता, आमच्या गोळीनं लघवी पिवळीधमक होते, ते अंगातलं विष निघून जातंय. लोक टाळ्या वाजवत होते. अहो, मुतावर टाळ्या! मी पदर तोंडाला लावला. शेजारची बाई घाईघाईनं लिहून घेत होती.

मग मायला वर नेलं. तिचा हात धरून दादानं माईक तोंडाशी नेला. माय लाजत म्हणाली, "माझे गुडघे बरे हायत. मी उपवासाला न चुकता घेते." हॉल उठून उभा राहिला. सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं, आणि हा कुठला महिना चाललाय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मायच्या गळ्यात हार घातला. परत येताना ती गाडीत दोनदा उतरली, ओकायला. दादा म्हणाला, "गाडी लागली असंल."

पोळ्याला मी गावी गेले तेव्हा माय ओळखू येत नव्हती. गाल आत गेलेले, जीभ कोरडी. शेजारी पाण्याचा तांब्या, तो सारखा रिकामा. पुरणाची पोळी तिनं हातानं लांब ढकलली. चार-पाच दिवस पोट साफ नव्हतं. आणि मला बघून म्हणाली, "कामून बसून राहिलीस? बैलाला घास कुणी दिला?" आमचे बैल विकून कित्येक वर्षं झाली. दारात ट्रॅक्टर उभा आहे, पाटावर मातीचे बैल पूजलेले आहेत, आणि माय खऱ्या बैलांना हाका मारतेय. तेवढ्यात तिला उलटी झाली, माझ्याच पदरावर. उलटीला संत्र्याचा वास होता, गोड, औषधी. तो वास त्या दिवशी माझ्या नाकात बसला तो बसलाच.

नांदेडला ॲडमिट केलं. गुडघ्यांना दाखवलं होतं तेच डॉक्टर. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, घरात काय काय घेतात ते सगळं आणा. भावजयीनं पिशवी आणून टेबलावर रिकामी केली. डॉक्टरांनी पुडी उचलली.

"आजी, ही कधी घेता?"

"उपवासाला."

"उपवास कधी असतो?"

मायनं त्यांच्याकडं असं बघितलं की हा कुठल्या मुलखातला. "श्रावण हाय की, बाबा. दोन श्रावण."

डॉक्टरांनी पुडी टेबलावर ठेवली. मग मला बाहेर नेऊन त्यांनी समजावलं. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. म्हणजे तिकडं हॉलमध्ये ज्याच्यावर टाळ्या पडल्या, ते विकत घेऊन संडासात ओतलेलं औषध होतं. पण डी तसं निघून जात नाही, अंगात साठत राहतं. ते साठलं की रक्तात कॅल्शियम चढतं. त्यानं तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, आणि शेवटी किडन्या. "किडन्यांना मार बसलाय," ते म्हणाले. "किती सावरतात ते सांगता येत नाही. डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल का, तेही आज सांगता येत नाही."

ते दिवस मी वॉर्डाच्या बाकड्यावर काढले. सलाईन चालू, लघवीची पिशवी मोजायची, दूध बंद, पुड्या बंद, गोळ्या बंद. माय झोपेत बैलांना हाका मारायची. माझी माय किडनी गमावून बसणार, आणि तीही कशापायी? रोग नाही, साप नाही, विहिरीत पडणं नाही. ताकदीपायी! शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या उशाशीही तसलाच एक डबा होता. मी तिला म्हटलं, डॉक्टरला दाखवून घे बाई. ती म्हणाली, "त्याच्यात काय, जीवनसत्त्वच तर हाय." भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं.

हळूहळू कॅल्शियम उतरलं. एका सकाळी मायनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "मेस कुणावर टाकून आलीस गं?" मी तिथंच ढसाढसा रडले. मशीन टळलं. पण किडन्या पूर्वीसारख्या होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता जन्मभर जपायचं, जन्मभर तपासायचं. माय सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "उपवास?" डॉक्टर म्हणाले, "बंद." तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुखण्यात तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते तेव्हा काढलं.

त्याच दिवशी दुपारी दादा आला. आधी खाली कँटीनमध्ये माझ्या भावासोबत भजी खाल्ली, चहा घेतला, मग वर आला. बोटं तेलकट होती, रुमालाला पुसत होता, आणि तोंडाला कांद्याच्या भज्यांचा वास येत होता. मी म्हटलं, कळलं का काय झालंय ते? तर म्हणाला, "काकूनंच जास्त घेतलं. प्रॉडक्टचा काय दोष?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार तोवर त्यानं चामडी बॅग उघडली आणि एक डबा मायच्या उशाशी ठेवला. डब्यावर राजम्याच्या दाण्यासारखी दोन किडन्यांची चित्रं. "काकू, हे खास किडनीसाठी. कोमट पाण्यात दोन चमचे."

मला किळस आली हो. माणसाची किळस येते तशी. मी डबा फेकायला उचलला, तर मायनं माझा हात धरला.

"थर्मासमधलं पाणी दे," ती म्हणाली.

"माय, येडी झालीस का?"

"दे म्हणते ना."

तिनं स्वतःच्या हातानं ग्लासात दोन चमचे टाकले, ढवळले. वर फेस आला. व्हॅनिलाचा वास खाटेभोवती पसरला. मग तिनं तो ग्लास दादापुढं धरला. "घे, लेकरा. लांबून आलास. पी."

दादा हसला. "मला कशाला, काकू? मी धडधाकट हाय."

"तोटा शून्य म्हणलास नव्हं. पी."

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तिचे पाहुणेही बघायला लागले. दादानं इकडं तिकडं बघितलं, बिल्ला चाचपला आणि म्हणाला, "माझा आज उपवास हाय, काकू."

माय त्याच्या तेलकट बोटांकडं बघत राहिली.

"मग तर घेच," ती म्हणाली. "उपवासालाच घ्यायचं असतंय. तूच सांगितलं व्हतंस."

ग्लास तसाच पुढं होता. त्यानं काही तो घेतला नाही. मायचा हात दमला तशी ती वाकली आणि खाटेखालच्या उलटीच्या भांड्यात ग्लास पालथा केला. दादा बॅग उचलून निघाला, तेव्हा तिनं त्याला हाक मारली.

"लेकरा, काय बी इक. पर कांद्याची भजी खाऊन उपवासाचं नाव घिऊ नको. माझे तर सुटले आता."