एकाच जीपमधून

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. पण परवा वनखात्यातला एक जुना सहकारी हसत म्हणाला, "तुझं ते दुटप्पी गाव!" माझं डोकंच फिरलं.

ऐंशीच्या दशकात मी एटापल्लीकडे रेंजर होतो. बांबूचे दोन कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, शेजारी-शेजारी होते. एक आमच्या खात्याचा, दुसरा कागद कारखान्याच्या ठेकेदाराचा. मजूर मात्र एकाच माडिया गावातले.

गावाची रीत ठरलेली. खात्याचा माणूस आला की मोहाच्या झाडाखाली बसवायचा, ठेकेदाराचा आला की नाल्याकडच्या चिंचेखाली. दोघांना जेवू घालायचं, ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "गाव बसून सांगल." सगळ्यांचं एकमत होईस्तोवर होकार नाही, नकारही नाही. तेवढ्यात ठेकेदार मजुरी वाढवायचा. मग आम्ही.

त्या वर्षी ठेकेदार आमच्या पुढे गेला. गावाने आम्हाला सांगितलं, घरापुरता बांबू गार्डला न विचारता तोडू द्या, तुमच्याकडे येतो. आम्ही देण्याच्या बेतात होतो.

डीएफओ साहेब, म्हणजे आमचे वरचे वनाधिकारी, भडकले. "दोन्हीकडून खाऊन राह्यले लेकाचे!"

"सर, आपणही टेंडर मागवतोच ना?"

"ते टेंडर असतं! ठेकेदाराला सोबत न्या आणि मिटवा."

नेलं. वाटेत, माझ्याच जीपमध्ये, दोघांचा मजुरीचा एकच दर ठरला.

मासूभाऊ गावाचे गायता, म्हणजे पुजारी आणि म्होरके. ते जीपकडे बघत राहिले. आम्हाला कोणत्या झाडाखाली बसवावं, त्यांना कळेना.

"साहेब, एकाच गाडीत काऊन आले?"

"सोबत बोलू, भाऊ. सोपं होईल."

"कोनाले?"

मजुरी घटली. बांबूची अट बारगळली. पावसाळ्याआधी मासूभाऊंनी छपरासाठी तोडलेला बांबू माझ्याच गार्डने जप्त केला. अहवालात 'दुटप्पी' हा शब्द मीच लिहिला.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या इरोक्वा लोकांनी फ्रेंच आणि इंग्रजांना असंच एकमेकांविरुद्ध तोलत आपला मुलूख पिढ्यान्‌पिढ्या राखला. त्याला इतिहास मुत्सद्देगिरी म्हणतो. मग आमच्या माडियांनी केलं की ती लबाडी कशी?

धडा एवढाच: दोन धनी भांडतात तोवरच मजुराला भाव असतो. तो भाव मी ठेकेदाराला जीपमध्ये बसवून घालवला.

निवृत्तीनंतर एकदा गेलो. मासूभाऊ अंगणात होते, थकलेले. कुठे बसू, विचारलं.

"आता कुठीबी बसा, साहेब."

मी मोहाखाली बसलो. त्यांनी जेवू घातलं. माफीचा शब्द घासाबरोबर गिळला आणि परत आलो.